गाऱ्हाण्यांपासून जाहीरनाम्यापर्यंत: अमेरिकन क्रांतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन क्रांतीबद्दल मला पत्रं येतात ती मुख्यतः तिघांकडून. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, शाळेत इतिहास शिकवणारे शिक्षक आणि अमेरिकेत राहणारे मराठी आईवडील, ज्यांची मुलं शाळेतून बोस्टनच्या चहाची गोष्ट ऐकून घरी येतात आणि जेवताना प्रश्न विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा बैजवार उत्तरं लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे वसाहतकार म्हणजे नेमके कोण? ते स्वतः इंग्रजच होते ना?

बरेचसे होते, आणि इथेच आपली पहिली गल्लत होते. आपण भारताचा अनुभव डोक्यात ठेवून वाचतो: परका राज्यकर्ता, देशी प्रजा. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तेरा वसाहतींत तसं नव्हतं. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसलं, शेवटची जॉर्जिया १७३० च्या दशकात. इथले गोरे रहिवासी स्वतःला राजाची इमानी प्रजा समजत. प्रत्येक वसाहतीत निवडून आलेली सभा होती आणि स्थानिक कर तीच लावत असे. १७७५ च्या सुमारास लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास होती. त्यातला साधारण पाचवा हिस्सा गुलाम म्हणून राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा होता (त्यांच्याबद्दल प्रश्न १३).

त्यामुळे सुरुवातीचं गाऱ्हाणं ‘इंग्रजांनो, चालते व्हा’ असं नव्हतंच. ‘आम्हीही इंग्रज आहोत, मग इंग्रजांचे हक्क आम्हाला का नाहीत?’ असं होतं.

२. सगळं सुरळीत होतं तर बिघडलं कधीपासून?

१७६३ पासून. त्या वर्षी सात वर्षांचं युद्ध संपलं. ब्रिटनने फ्रान्सकडून कॅनडा जिंकला, पण तिजोरीवर १३ कोटी पौंडांच्या घरात कर्ज चढलं. अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायम ठेवायचे ठरले, आणि त्यांच्या खर्चाचा काही भार तिथल्याच लोकांनी उचलावा असं लंडनला वाटलं. लंडनच्या बाजूने पाहिलं तर ही मागणी अवास्तव नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

वसाहतींना मात्र एकापाठोपाठ एक चटके बसले. ॲपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला १७६३ च्या राजघोषणेने मनाई केली. १७६४ मध्ये काकवीवरची जकात गॅलनला सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली, पण ती खरोखर वसूल व्हायला लागली. आधीचे सहा पेन्स कागदावरच होते, चोरटी आयात सर्रास चालायची. आता पकडलेल्या मालाचा खटला ज्यूरी नसलेल्या नौदल न्यायालयात चालणार होता. दर कमी होऊनही लोक चिडले ते या वसुलीमुळे.

३. स्टॅम्प ॲक्टला एवढं महत्त्व का?

आपल्याला स्टॅम्प पेपर इतका सवयीचा आहे की यात बंड करण्यासारखं काय होतं, ते चटकन कळत नाही. ब्रिटनमध्येही असा कर १६९४ पासून होताच. पण १७६५ च्या कायद्याने काय काय त्याच्या कक्षेत आलं ते पाहा: कोर्टाची कागदपत्रं, खरेदीखतं, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, पत्त्यांचा जोड (एक शिलिंग), फासे (दहा शिलिंग), इतकंच काय, पदवीचं प्रमाणपत्रसुद्धा (दोन पौंड). म्हणजे वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि गुत्तेवाले असे चारही जण एकाच दिवशी दुखावले. गावात बोलणारी, लिहिणारी आणि चार माणसं गोळा करणारी मंडळी हीच. भरीस भर म्हणजे कर ब्रिटिश चलनात द्यायचा होता आणि ते वसाहतींत मुळातच दुर्मीळ होतं.

१४ ऑगस्ट १७६५ च्या सकाळी बोस्टनच्या लोकांना एका मोठ्या एल्म झाडावर दोन वस्तू लटकलेल्या दिसल्या. एक अँड्र्यू ऑलिव्हर या नेमलेल्या मुद्रांक वितरकाचा पुतळा, आणि दुसरी एक मोठा बूट, त्यातून डोकावणारा सैतान. बूट हा राजाच्या मर्जीतले माजी पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या नावावरचा श्लेष होता आणि तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही. संध्याकाळी जमावाने ऑलिव्हरची एक इमारत पाडली. दुसऱ्या दिवशी त्याने पद सोडायचं कबूल केलं. बारा दिवसांनी लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर जमावाने आतून पार उद्ध्वस्त केलं. हे कृत्य कुठल्याच मापाने समर्थनीय नव्हतं आणि चळवळीच्या पुढाऱ्यांनीही हात झटकले.

ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला भेटले. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायचा होता, तोवर मुद्रांक विकायला जवळपास कुणी उरलंच नव्हतं. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा मंजूर केला: वसाहतींना ‘प्रत्येक बाबतीत’ बांधील असे कायदे करण्याचा अधिकार आम्हाला आहे. आनंदाच्या भरात त्या दुसऱ्या कागदाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

४. कर तर अगदी किरकोळ होते. ब्रिटनमधले लोक कितीतरी जास्त भरत होते. मग एवढं आकांडतांडव कशासाठी?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. आणि त्यातली माहिती बरोबर आहे, ब्रिटनमधला माणूस खरोखरच कितीतरी पट जास्त कर भरत होता.

पण भांडण रकमेचं नव्हतं. वसाहतीची सभा कर लावायची आणि त्याच पैशातून गव्हर्नरला पगार द्यायची. गव्हर्नर लंडनहून नेमलेला असला तरी पगार स्थानिक सभेच्या हातात, म्हणून त्याला लोकांचं ऐकावं लागे. १७६७ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली, तेव्हा त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार देण्याची तरतूद केली. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी, म्हणजे आता गव्हर्नर झालेल्या त्याच हचिन्सन यांनी, आपला पगार यापुढे राजाकडून येईल असं जाहीर केलं. ज्याच्या हातून पगार, त्याचं ऐकायचं. लोकांना नेमकं हेच कळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बोस्टनने पत्रव्यवहार समिती नेमली आणि गावोगावी तशाच समित्या उभ्या राहिल्या. मला विचाराल तर क्रांतीची खरी यंत्रणा तिथे तयार झाली. चहा नंतर आला.

लंडनचं उत्तर असं असे की पार्लमेंट साऱ्या साम्राज्याचंच प्रतिनिधित्व करतं, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा खासदार नाही, त्यांची कुठे तक्रार आहे? पण मँचेस्टरवर बसवलेला कर खासदारालाही भरावा लागे. अमेरिकेवर बसवलेला कर त्याच्या स्वतःच्या खिशातून जात नव्हता, उलट त्याचा भार हलका होत होता.

५. बहिष्कार कसा चालला? तो आपल्या स्वदेशीसारखा होता का?

पद्धत बरीचशी तशीच, काळ मात्र जवळजवळ दीड शतक आधीचा. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल न मागवण्याचे करार केले आणि करार मोडणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापली. बायका एकत्र बसून सूत कातत, घरचं कापड अंगावर मिरवणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. चहाऐवजी पाल्याचे काढे उकळले गेले. सभेत मत नसलेल्या बायकांच्या हातात घरातली खरेदी होती, आणि ती त्यांनी हत्यारासारखी वापरली. ऑक्टोबर १७७४ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या इडेंटन गावच्या ५१ बायकांनी स्वतःच्या सहीने बहिष्काराचा ठराव केला. लंडनमध्ये त्यांची टवाळी करणारं व्यंगचित्र निघालं, म्हणजे दखल घ्यावी लागली.

६. बोस्टन हत्याकांडात सैनिकांनी निरपराध लोकांवर गोळ्या घातल्या, हे खरं आहे का?

अर्धं खरं. १ ऑक्टोबर १७६८ ला फौज बोस्टनला उतरली. सोळा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, त्यात लाल डगल्यांचे शिपाई रस्तोरस्ती. पगार तुटपुंजा, म्हणून फावल्या वेळी ते कमी मजुरीवर कामं धरत आणि गावच्या मजुरांच्या पोटावर पाय येई. मार्च १७७० च्या सुरुवातीला दोरखंड वळण्याच्या एका कारखान्यात मजूर आणि शिपाई यांची मारामारी झालीच होती. ५ मार्चच्या रात्री केसांचे टोप बनवणाऱ्याकडचा एक शिकाऊ पोरगा ओरडला की अमुक अधिकाऱ्याने आमचं बिल दिलं नाही. पहारेकऱ्याने त्याला फटका मारला. जमाव जमला, बर्फाचे गोळे आणि दांडकी फेकली गेली, आणि गोळ्या सुटल्या. पाच जण गेले. त्यातला क्रिस्पस ॲटक्स आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाचा खलाशी होता.

पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. सैनिकांचं वकीलपत्र कुणी घ्यायला तयार नव्हतं, ते जॉन ॲडम्स यांनी घेतलं, म्हणजे चळवळीतल्याच माणसाने. कप्तान प्रेस्टन आणि सहा शिपाई सुटले. दोघांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला आणि त्यांच्या अंगठ्यावर डाग दिला गेला. पॉल रिव्हियरच्या प्रसिद्ध चित्रात शिपाई शिस्तीत रांग धरून गोळ्या झाडताना दिसतात. तसं घडलं नव्हतं. ते चित्र प्रचाराचं आहे आणि मुलांना दाखवताना तसं सांगावं.

७. १७७३ मध्ये चहा स्वस्त झाला होता, तरी समुद्रात का फेकला?

स्वस्त झाला म्हणूनच. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायला आली होती. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उजाड झालेला, लष्करी खर्च वाढलेला, १७७२ मध्ये लंडनचा पतबाजार कोसळलेला आणि गोदामांत पावणेदोन कोटी पौंड वजनाच्या आसपास न खपलेला चहा. कंपनीला वाचवायला पार्लमेंटने मे १७७३ मध्ये तिला थेट अमेरिकेत, निवडक अडत्यांमार्फत चहा विकायची मुभा दिली. पौंडाला तीन पेन्सची जकात मात्र तशीच ठेवली. चहा स्वस्तात घेतला की कर मान्य केल्यासारखंच होणार होतं, आणि इतर व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता तो वेगळाच. पेनसिल्वेनियाच्या जॉन डिकिन्सन यांनी तर बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन लिहिलं की आशियात माणसं मारणारी ही कंपनी आता आपल्याकडे वळली आहे. बंगालच्या भुकेची बातमी अमेरिकेच्या रागात मिसळली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही.

जहाज बंदरात शिरल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार होता, आणि हचिन्सन जहाजं परत जाऊ देईनात. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, हजारो लोक ओल्ड साउथ सभागृहात जमले. तिथून निघालेले काही जण तोंडाला काजळी फासून, मोहॉक या मूळनिवासी जमातीसारखा वेश करून ग्रिफिन्स धक्क्यावर गेले. तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या कुऱ्हाडींनी फोडून त्यांनी ९२,००० पौंडांहून जास्त वजनाचा चहा पाण्यात ओतला. ओहोटीची वेळ होती, पाणी उथळ, त्यामुळे जहाजांच्या कडेला चहाचे ढीग साचले आणि ते हातांनी पसरवावे लागले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरून घेतला, तर त्याला सोबत्यांनीच पकडून चोपलं. बाकी मालाला हात लागला नाही.

‘टी पार्टी’ हे नाव त्या काळचं नाही, ते पन्नासेक वर्षांनी पडलं.

८. तो चहा भारतातला होता का?

नाही. कंपनी भारतात व्यापार करणारी असल्याने तसं वाटतं, पण चहा चीनमधून, कँटनहून आलेला होता. आसामचा चहा बाजारात यायला १८३० चं दशक उजाडलं.

९. बोस्टनचं भांडण बाकीच्या वसाहतींनी अंगावर का घेतलं?

लंडनने त्यांना तसं करायला भाग पाडलं. चहा बुडवणं कित्येक वसाहतकारांना पटलं नव्हतं. वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन दोघांनीही नापसंती दाखवली होती. पण १७७४ मध्ये पार्लमेंटने भरपाई मिळेपर्यंत सगळं बोस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत फेरफार केला आणि गावसभांवर बंधनं घातली. काही माणसांच्या कृत्यासाठी सगळ्या गावाचा चरितार्थ बंद. आज मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली, उद्या आपली मोडेल, हे व्हर्जिनियालाही कळलं. दक्षिण कॅरोलिनाने तांदूळ पाठवला, कनेक्टिकटहून मेंढ्यांचे कळप हाकत आणले गेले. ५ सप्टेंबरला फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, भरली. जॉर्जिया तेवढी आली नाही.

१०. पहिली गोळी कुणी झाडली?

१९ एप्रिल १७७५ ला पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानावर ती सुटली. कुणाच्या बंदुकीतून, हे आजवर ठरलेलं नाही. आठ वसाहतकार मेले. शिपाई पुढे काँकर्डला दारूगोळा जप्त करायला गेले आणि परतताना दगडी कुंपणांच्या आडून त्यांच्यावर दिवसभर गोळीबार झाला.

११. युद्ध १७७५ मध्ये पेटलं, स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा. मधल्या सव्वा वर्षात काय चाललं होतं?

लोक लढतही होते आणि राजाकडे अर्जही करत होते. आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात, त्यात देव वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. देव ऐकेल, मधले लोक लबाड आहेत, अशी श्रद्धा असते. वसाहतकारांचं राजाविषयी तसंच होतं. दोष मंत्र्यांचा, पार्लमेंटचा, राजा मात्र भला. जुलै १७७५ मध्ये काँग्रेसने तिसऱ्या जॉर्जला शेवटचा विनंतीअर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारलाही नाही, आणि ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर जाहीर केलं. मग अमेरिकन जहाजं राजसंरक्षणाबाहेर काढली गेली, आणि वसाहतींवर भाडोत्री जर्मन फौजा येत असल्याची बातमी आली.

याच सुमारास, जानेवारी १७७६ मध्ये, टॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. पेन जेमतेम वर्षभरापूर्वी इंग्लंडहून आलेला. त्याने सरळ राजेशाहीवरच घाव घातला, आणि तोही गुत्त्यात मोठ्याने वाचता येईल अशा भाषेत. इतकी वर्षं मनात असूनही जे कुणी बोलत नव्हतं, ते त्यानंतर उघड बोललं जाऊ लागलं.

१२. स्वातंत्र्य ४ जुलैलाच मिळालं ना?

स्वातंत्र्याचा ठराव काँग्रेसमध्ये मंजूर झाला २ जुलैला. ४ जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर पक्का झाला. न्यूयॉर्कची संमती ९ जुलैला आली, आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. जॉन ॲडम्स यांना खात्री होती की लोक २ जुलै साजरा करतील.

परीक्षेला बसणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: जाहीरनाम्यातल्या २७ तक्रारी राजावर आहेत, पार्लमेंट हा शब्दच त्यात नाही. आणि संमतीविना कर लावल्याची तक्रार एकाच ओळीत आटोपली आहे. इतर तक्रारींत सभा बरखास्त करणं, न्यायाधीशांना पगारासाठी मिंधं ठेवणं, ज्यूरी काढून घेणं हे येतं (प्रश्न ४).

१३. गुलाम बाळगणारे लोक स्वातंत्र्याच्या गोष्टी कुठल्या तोंडाने करत होते?

याचं सावरून घेणारं उत्तर देता येत नाही, आणि देऊ नये. जाहीरनामा लिहिणारे जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा त्यांच्या मसुद्यातला परिच्छेद काँग्रेसने काढून टाकला. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर डनमोर यांनी जाहीर केलं होतं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. हजारो माणसं इंग्रजांकडे पळाली. त्यांच्यासाठी स्वातंत्र्याची वाट लाल डगल्याकडे जात होती. जाहीरनाम्यातली शेवटची तक्रार मूळनिवासींना निर्दय रानटी म्हणते. त्यांच्या जमिनीवर वस्ती करायला मिळत नाही हेही वसाहतकारांचं एक गाऱ्हाणंच होतं (प्रश्न २).

पण शब्द एकदा कागदावर आले की मालकांपुरते राहत नाहीत. १७८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम बाईने त्या राज्याच्या घटनेतल्या ‘सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान’ या वाक्याच्या जोरावर खटला भरला आणि जिंकला.

१४. सगळे वसाहतकार बंडात होते का?

मुळीच नाही. राजनिष्ठांची संख्या मोठी होती आणि सुमारे ६०,००० लोक अखेर देश सोडून गेले. बेंजामिन फ्रँकलिन जाहीरनाम्यावर सही करणारे, तर त्यांचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनेमित गव्हर्नर. तो राजाशी एकनिष्ठ राहिला, कैदेत पडला आणि नंतर लंडनला गेला. बापलेकाचं पुन्हा कधी जुळलं नाही.

१५. ब्रिटिश सैनिक लोकांच्या घरात घुसून राहत होते, असं पुस्तकात आहे. बरोबर?

राहत्या घरात जबरदस्तीने सैनिक ठेवण्याचा अधिकार १७६५ च्या क्वार्टरिंग ॲक्टने, म्हणजे सैनिकांच्या निवाऱ्याच्या कायद्याने, दिलेला नव्हता. बराकी, मग खानावळी आणि गुत्ते, मग रिकाम्या इमारती असा क्रम होता. खर्च वसाहतीच्या माथी, हे खरं दुखणं.

१६. ब्रिटनच्या बाकीच्या अमेरिकन वसाहती का आल्या नाहीत?

प्रत्येकीचं कारण वेगळं. क्वेबेकच्या फ्रेंच कॅथलिकांना १७७४ च्या कायद्याने त्यांचा धर्म आणि दिवाणी कायदा राखून दिला होता, त्यांना बोस्टनच्या प्रॉटेस्टंटांचा भरवसा वाटेना. कॅरिबियन बेटांवर स्टॅम्प ॲक्टविरुद्ध दंगे झाले होते, सेंट किट्समध्ये तर जोरात. पण तिथले मूठभर गोरे मळेवाले गुलामांच्या प्रचंड संख्येला घाबरून होते आणि त्यांची साखर ब्रिटिश बाजारावर अवलंबून होती. आरमार गेलं तर आपलं काय, हा त्यांचा हिशेब.

१७. या सगळ्याचा मराठ्यांशी काही संबंध आहे का?

आहे. कंपनीला सावरायला १७७३ मध्ये दोन कायदे झाले. एक चहाचा, तो अमेरिकेला भोवला. दुसरा रेग्युलेटिंग ॲक्ट, त्याने मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या देखरेखीखाली आणलं. मुंबईकरांनी कलकत्त्याला न विचारता मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध ओढवून घेतलं. लेक्सिंग्टनला गोळी सुटली त्याच्या सहा आठवडे आधीची ही गोष्ट. १७७७ मध्ये फ्रेंच वकील सेंट ल्युबिन पुण्यात नाना फडणवीसांना भेटला, तेव्हा इंग्रजांची झोप उडाली, कारण फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूने उतरणार हे दिसत होतं.

आणि ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस. १७६६ मध्ये वसाहतींवर पूर्ण हक्क सांगणाऱ्या त्या दुसऱ्या कायद्याविरुद्ध (प्रश्न ३) मत देणाऱ्या मोजक्या उमरावांपैकी हा एक. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला त्यालाच शरणागती पत्करावी लागली आणि १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला. मे १७९१ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात श्रीरंगपट्टणहून माघार घेताना त्याचे बैल मेले, जड तोफा मोडून टाकाव्या लागल्या, फौज उपाशी होती. तेव्हा समोरून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज आली, आणि तिच्या बाजारात धान्य होतं.